रॉकेलच्या डब्यातला शाळू

भाद्रपद सरत आला की माझ्या दारात बायका परड्या घेऊन येतात. "आजी, घटाला ओंजळभर माती द्या ना." देते. पण दोन शब्द ऐकवल्याशिवाय देत नाही. ज्या सोलापुरात उन्हाळ्यात ताटातल्या भाकरीवर वाऱ्यानं माती येऊन बसायची, त्या सोलापुरात माती मागून न्यायची वेळ आली म्हणजे कमालच झाली की! वरच्या मजल्यावरची पोरगी तर म्हणाली, "आजी, काळी हवी, आणि चाळलेली." म्हटलं, बाई गं, दळूनही देऊ का?

माती देताना प्रत्येकीला मी विचारते, "पेरणार काय? बी कुठलं?" त्या हसतात. "बी कसलं आजी, डब्यातले गहू!" मी सांगते, आधी चार दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेव, मोड येतो का बघ, आणि मग देवीपुढे पेर. म्हातारीला खोड आहे असं त्यांना वाटतं. असू दे. खोड आहेच.

माझ्या गॅलरीत मुलानं आणलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आहेत, पण माझा जीव रमतो तो डब्यांत. डालड्याचा डबा, रंगाचा डबा, बूड गेलेली बादली. एकात पानांचा ओवा, एकात गवती चहा, बादलीत अळू. शेजारचे म्हणतात, एवढ्याशा जागेत कशाला हा पसारा? आता ह्यांना काय सांगायचं! माणूस शेत सोडून गावात येतो, पण शेत त्याला सोडत नाही. मग तो ते डब्यात भरून दाराशी ठेवतो. पाच दोडके येतात, त्यातले दोन कडू निघतात, तरी शेजारणीला हाका मारमारून दाखवतो. मला हे सगळं शिकवलं माझ्या सासूबाईंनी. आणि आश्विन आला की त्यांचं परसू जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, मी बोलावलं नाही तरी.

सात रस्त्यापासून जवळच, दोन खोल्या आणि मागे एवढंसं परसू, असं आमचं बिऱ्हाड होतं. मामंजी कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. सुट्टी मिळाली की यायचे. हे कचेरीत कारकून. घर चालायचं ते सासूबाईंच्या जिभेवर. मी मोहोळकडच्या शेतकऱ्याची मुलगी. माझ्या तोंडातलं हाय-न्हाय त्यांना खपत नसे. "कमळ, आहे म्हणावं. हाय हाय काय करतेस, कुणी मेलंय का?" असं चारचौघांत म्हणायच्या. मी मनात म्हणायची, बोला, बोला, तुमचे दिवस हायत.

पण बाई झाडांची मोठी! त्या काळी रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचं. दुकानातून रिकामे डबे आणून त्या वरचा पत्रा कापायच्या, कडा दगडानं ठोकून आत वळवायच्या, बुडाला खिळ्यानं भोकं पाडायच्या आणि बाहेरून गेरूचा हात फिरवायच्या. भिंतीलगत अशी रांगच होती. दोडका, कारलं, घेवडा, अबोली, शेवंती. पलीकडे विणकरांची नरसम्मा राहायची, तिच्या डब्यांत बारा महिने अंबाडी. भिंतीवरून अंबाडीची जुडी इकडे यायची आणि आमचं पडवळ तिकडे जायचं. तिची तेलुगू सासूबाईंना कळत नसे, त्यांची मराठी तिला कळत नसे, आणि तरी दोघी अर्धा अर्धा तास बोलायच्या.

पाण्याची तर अशी शिस्त, की दोन कामं केल्याशिवाय थेंब मातीत जायचा नाही. तांदूळ धुतलेलं कढीलिंबाला, आंघोळीचं अळवाला, भांड्यांची राख निवळून राहिलेलं पाणी दोडक्याला. तुळशीला मात्र कोरं, कळशीतलं. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला त्या दोऱ्यानं दगड बांधायच्या. मलाही तसंच सरळ करायचा त्यांचा बेत होता, असं मला पुष्कळदा वाटायचं.

आणि एक शिस्त होती, ती माझ्या फार जिव्हारी लागायची. महिन्याचे चार दिवस मी बाहेर बसले, की परसातल्या पडवीत, डब्यांच्या शेजारीच बसायचं, पण एकाही पानाला हात लावायचा नाही. वेलावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. "विटाळशीच्या सावलीनं वेल जळतो," हे त्या इतक्या खात्रीनं सांगायच्या की ऊन फिरलं की मीही सरकून बसायची. माहेरीही बाहेर बसणं होतंच, पण चौथ्या दिवसाची वाट न बघता आई खुरपं घेऊन रानात जायची. पिकाला कुठं कळतंय, म्हणायची.

त्या वर्षी पितृपक्षात ह्यांना ताप आला. दोन दिवसांत उतरेल म्हणता म्हणता चढतच गेला. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, विषमज्वर आहे. त्या काळी ह्यावर औषध असं नव्हतंच. पडून राहायचं, बार्लीचं पाणी प्यायचं आणि ताप आपणहून उतरायची वाट बघायची. उतरला तर उतरला. "पोटात पाणी जात राहिलं पाहिजे," डॉक्टर मला म्हणाले, "ते थांबलं की संपलं." मी वाटी-चमचा घेऊन उशाशी बसून राहायची.

ह्यांची खाट पुढच्या खोलीत होती, आणि देव्हारा समोरच. घर कसलं मोठं, देव आणि आजारी माणूस एकाच खोलीत. तशात घटस्थापना आली, आणि नेमकी त्याच दिवशी पहाटे मी बाहेर बसले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

घटासाठी दरवर्षी त्या बाजारातून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणायच्या. आमच्या घरात घटाखाली दुसरं धान्य पेरत नसत. ज्याची भाकरी खायची तेच देवीपुढे उगवायचं. त्या वर्षी आजारी माणसाला टाकून बाजारात जाणार कोण? घरात माझ्या वडिलांनी धाडलेलं पोतं होतं, त्यातली मूठभर ज्वारी त्यांनी घेतली. पत्रावळीवर काळी माती, तीत दाणे, मध्ये मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ. घट पाझरत राहतो आणि माती ओली राहते. मी पडवीतून त्यांचा मंत्र ऐकत होते. कुठलं बी घेतलं, ते मला कुठून कळणार?

तिसऱ्या माळेला माती फोडून पांढरी टोकं वर येतात. आली नाहीत. सासूबाईंनी कारळ्याच्या फुलांची माळ बांधली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. ह्यांनी खाटेवरून क्षीण आवाजात विचारलं, "आई, उगवलं?"

"येईल. आज नाही तर उद्या."

तो प्रश्न साधा नव्हता. ह्यांचे थोरले भाऊ ज्या आश्विनात गेले, त्या वर्षी घट विरळ उगवला होता. हे तेव्हा शाळकरी होते. तो पिवळा, भुंडा घट त्यांच्या डोळ्यांत राहिला होता. सासूबाईंच्याही. ह्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे, पण दोघंही देवीपुढच्या त्या मातीत एकच गोष्ट शोधत होते. हा राहील की जाईल?

त्याच सकाळी त्या परसात आल्या. त्यांचे डोळे लाल होते.

"खरं सांग. परवा मी घट बसवत असताना दाराशी आली होतीस?"

"न्हाय जी."

"वाकून बघितलंस? सावली पडली तुझी?"

"न्हाय म्हणते की! हितून उठलेसुद्धा न्हाय."

"मग उगवत का नाही? कधी नाही ते आजच का?" आणि त्यांचा आवाज फाटला. "माझा एक गेला. हा एकच राहिलाय गं."

मला संताप आला, आणि त्या शेवटच्या वाक्यानं रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की माणसाला धड भांडता येत नाही. मी विचारलं, "बी कुटलं घेतलं?" "पोत्यातलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते पोतं पेवातलं होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. आत कडब्याचा थर, तोंडावर दगड-माती. धान्य वर्षानुवर्षं टिकतं, पण कोंडून कोंडून आत गरम होतं. भाकरीला जरा आंबूस वास येतो एवढंच, खायला उत्तम. उगवायला मात्र नाही. पेवातलं खावं, कणगीतलं पेरावं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. तिकडे कुणी सांगतसुद्धा नाही, म्हणून वडिलांनी सांगितलं नव्हतं. आणि सोलापुरात जन्म काढलेल्या सासूबाईंना पेव काय आणि कणगी काय, ज्वारी ती ज्वारी.

आता बोलायचं कसं? तुमच्या देवीपुढे मेलेलं बी पेरलंय, आणि ते माझ्या बापानं धाडलेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? माहेरावरून आधीच काय कमी ऐकत होते? आणि त्यांनी ऐकलं असतं तरी विश्वास ठेवला नसता. विटाळशी स्वतःची कातडी वाचवतेय, असंच म्हणाल्या असत्या. खरं सांगायचं तर माझीही शंभर टक्के खात्री नव्हती. ऐकलेलं होतं, करून कधी बघितलं नव्हतं.

पडवीच्या आढ्याला माझ्या भावानं आणलेली शाळूच्या कणसांची जुडी टांगलेली होती, चिमण्यांसाठी. चिमण्यांनी बाहेरचं खाल्लेलं, आत दाणे शिल्लक होते. मी ती काढली. कोपऱ्यात एक रिकामा डबा होता, अर्धा मातीनं भरलेला. मधोमध काडी आडवी ठेवली. एका अंगाला कणसातले दाणे पेरले, दुसऱ्या अंगाला पोत्यातले. निवडताना पडलेले चार दाणे पडवीत नेहमीच असायचे. दोन्ही माझ्या हातानं, आणि मी तशी बाहेर बसलेली असताना. माझ्या हातानं जळायचं असेल तर दोन्ही जळू दे. बघूच.

असं म्हटलं खरं, पण दोन्हीकडचं नाही आलं तर? तर मग ती सावली माझीच, असं मी स्वतःच मानलं असतं. विसाव्या वर्षी माणसाची अक्कल ती किती! दिवसभर दहा जणांनी सांगितलेलं खोटं आहे म्हणायला एकट्या बाईला फार बळ लागतं.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. ह्यांच्या अंगावर नुसती कातडी राहिली होती. रोज सकाळी मान वळवून घटाकडे बघायचे, आणि रोज काळी माती. पाचव्या माळेला त्यांनी विचारणंच सोडलं. सहाव्या माळेला चमचा ओठांना लावला तर त्यांनी दात मिटून घेतले.

"घ्या की. एवढा एक चमचा."

"कशाला आता," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

असा आशा सोडलेला माणूस मी पुन्हा कधी पाहिला नाही. मी त्यांना हलवलं, रागावले, हात जोडले. चमचा ओठांवरून ओघळून उशीत गेला. सासूबाई दारातून बघत होत्या. पदर तोंडात कोंबून त्या चुलीपाशी जाऊन बसल्या.

सातव्या माळेच्या सकाळी परसात गेले तर डब्याच्या एका अंगाला हिरवी पाती वर आली होती, बोटभर. काडीपलीकडे नुसती माती. आनंद झाला असं म्हणवत नाही. सुटले, एवढंच वाटलं. आणि मग जो राग आला, तो आला! डबा उचलला आणि शेवंती खुडायला आलेल्या सासूबाईंच्या पायाशी आणून आदळला.

"हे काय?"

"ह्या अंगाचं कणसातलं. ह्या अंगाचं तुमी घटाला घेतलं त्ये, पोत्यातलं. दोन्ही म्याच पेरलं."

"कधी?"

"बाहेर बसले हुते तवा. ह्या हातानं. माझ्या सावलीनं जळायचं तर दोन्ही जळायला हवं हुतं की! पेवातलं बी उगवत न्हाय, आत्याबाई. माझ्या माहेरचं धान्य म्हणून गप बसले. माझी सावली बी न्हाय आन् देवीचा कोप बी न्हाय. त्ये बीच मेलेलं हाय."

त्यांचा हात उठला. मी डोळे मिटून घेतले. मार काही बसला नाही. डोळे उघडले तर तो हात तसाच हवेत होता, आणि त्या डब्याकडे बघत होत्या. आतून ह्यांचा खोकला आला, कोरडा, मध्येच तुटलेला. सासूबाई खाली बसल्या. एका पात्याला बोट लावलं. विटाळशीनं पेरलेलं, त्याला बोट! मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"उपटून लावली तर जगतील?"

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं, ती पाती त्यांना देवीपुढच्या घटात लावायची होती.

"मुळाची माती न सांडता काढली तर जगतील."

"बसलेला घट हलवायचा नाही."

"हलवायचं कारणच न्हाय. कडंनं लावायची."

मी खुरपं घ्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तू नाही. तू खाटेशी आडवी उभी राहा. त्याला दिसता कामा नये. हात माझा लागू दे. पाप माझ्या नावावर असू दे."

मी चादर झटकायचं निमित्त करून खाटेच्या आणि देव्हाऱ्याच्या मध्ये उभी राहिले. मागे सासूबाई पूजेच्या पळीनं माती उकरत होत्या. एकेक रोप, मुळाशी चिमूटभर माती, पळीच्या टोकानं भोक, अंगठ्यानं दाबणं. पळी पत्रावळीला लागून वाजली. ह्यांनी डोळे उघडले.

"आई, काय करतेस?"

"माळ बांधतेय रे. झोप तू."

देवीपुढे बसून ती बाई खोटं बोलली. ज्या बाईनं मुलीच्या वयाच्या सुनेला सावली पडली का म्हणून विचारलं, तिनं. माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

दुपारी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ह्यांनी कूस बदलली. नजर घटावर गेली, तिथून हलली, परत गेली.

"उगवलं?"

"उशिरा उगवलं," सासूबाई म्हणाल्या. "पण उगवलं."

हे बराच वेळ बघत राहिले. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं आणि ते म्हणाले, "तहान लागलीय." मी वाटी घेतली. घाईत निम्मं त्यांच्या गळ्यावर सांडलं. सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पाजली, तर त्यांच्याही हातून निम्मं सांडलं.

आता कुणी म्हणेल ताप उतरायचाच होता. असेल. डॉक्टरही तेच म्हणाले, मुदत भरली. मी वाद घालत नाही. दसऱ्याला मामंजी कुर्डुवाडीहून आले, घट हलवला, आणि हिरवी पाती ह्यांच्या टोपीत खोवली. ह्यांना बसवून धरावं लागत होतं, पण टोपी घालायचा हट्ट त्यांचाच. घट असा लागलेला कधी पाहिला नाही, मामंजी म्हणाले. सासूबाई पाणी आणायला म्हणून उठल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. ह्यांना आम्ही दोघींनी कधीच सांगितलं नाही. त्यांनी पुढे पुष्कळ वर्षं कचेरी केली, पेन्शन खाल्ली, नातवंडं खेळवली.

सासूबाई बदलल्या का? छे! पुढच्या महिन्यात मी पुन्हा पडवीत, आणि त्या पुन्हा दारातून, "सावली सांभाळ." मला हसावं की रडावं कळेना. पण एक झालं. पुढच्या आश्विनात घटाची सगळी तयारी त्यांनी काढून ठेवली, आणि मला हाक मारली. "कमळ, घट तू बसव. आता दरवर्षी तूच."

गल्लीत वाहवा झाली. हयात सासू असताना सुनेच्या हातात कुलाचार, केवढं मोठं मन! मीही फुशारले, खोटं कशाला बोलू. मग बघते तर त्या देव्हाऱ्याच्या खोलीतून बाहेर जाऊन पडवीत बसलेल्या, गुडघे पोटाशी घेऊन. मी म्हटलं, "आत या की. असं काय करताय? तुम्ही कुठं बाहेर बसलाय?"

"तुझा विटाळ चौथ्या दिवशी फिटतो," त्या म्हणाल्या. "माझा नाही फिटायचा. देवीपुढे खोटं लावून मी मुलगा ठेवून घेतला. देवीच्या घटाला मी पुन्हा हात लावणार नाही."

"अवो, पण त्ये जित्ते हायत की! आत बसून च्या पितायत."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या.